'फ्लाइंग डचमन' जहाजाला आता कप्तान कोण? 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या सहाव्या भागाबद्दल अंदाज

घोडबंदरकर (ठाणे)

ज्यांनी पाचवा भाग पाहिलेला नाही त्यांनी पुढे वाचू नका, सगळं उघड लिहिणार आहे.

२०१७ च्या पाचव्या भागात नावांची यादी सरकून गेल्यावर एक छोटं दृश्य येतं. विल आणि त्याची बायको एलिझाबेथ झोपलेत. खोलीत नांगीवाल्या हाताची सावली शिरते, नांगी उगारली जाते आणि विल दचकून जागा होतो. स्वप्न पडलं असं समजून परत आडवा होतो. कॅमेरा खाली येतो तर पलंगाशेजारी जमिनीवर पाणी आणि त्यात बार्नॅकल, म्हणजे होडीच्या बुडाला चिकटतात ते शंख. तेव्हापासून जो तो म्हणतोय की डचमनचा जुना, नांगीवाल्या हाताचा कप्तान डेव्ही जोन्स परत आला, सहाव्या भागाचा खलनायक ठरला.

मला हे अर्धंच पटतं. जोन्स आलाही असेल, पण तो सूड घ्यायला आला असं धरलं तर गोष्टीत काही उरत नाही. सूड, तलवारबाजी, एक जहाज बुडालं, मंडळी घरी. माझ्या मते खरा प्रश्न रिकाम्या जागेचा आहे.

२००७ चा तिसरा भाग आठवा. डचमनच्या कप्तानाचं काम काय? समुद्रात जे मरतात त्यांना पैलतीरी पोचवणं. ते काम समुद्रदेवी कॅलिप्सोने, त्याच्या प्रेयसीने, जोन्सला दिलं. दहा वर्षं समुद्रावर, मग एक दिवस किनाऱ्यावर. दहा वर्षांनी तो आला आणि ती भेटायला आली नाही. त्याने काळीज उपटून पेटीत बंद केलं, काम सोडलं, आणि काम सोडल्यामुळे तो आणि त्याचे खलाशी हळूहळू समुद्री प्राण्यांसारखे होत गेले. त्याच भागात मेलेल्यांच्या लहान लहान होड्या दिसतात, प्रत्येकीत कंदील. एकीत एलिझाबेथला तिचे वडील बसलेले दिसतात. ती जिवाच्या आकांताने हाका मारते, दोर फेकते, ते मात्र शांतपणे पुढे जातात. ह्या सगळ्या मालिकेत मला सगळ्यात जास्त हलवून गेलेलं दृश्य ते. त्या होड्या अशा भरकटत होत्या कारण त्यांना न्यायला कोणी नव्हतं. त्याच भागाच्या शेवटी जोन्स मेला, आणि मरणाऱ्या विलचं काळीज काढून पेटीत ठेवलं, तो डचमनचा कप्तान झाला.

आता पाचवा भाग. विलचा मुलगा हेन्री समुद्रदेव पोसायडनचा त्रिशूळ मोडतो, समुद्रावरचे सगळे शाप सुटतात, विल मोकळा होऊन घरी येतो. कड्यावर एलिझाबेथ धावत येते, संगीत वाजतं, आपणही खूश. पण डचमन कोण चालवतंय? मेलेल्यांना कोण नेतंय? चित्रपटात एकाही माणसाला हा प्रश्न पडत नाही. लेखकांना तो पडला असणार, आणि सहावा भाग तिथूनच सुरू व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे.

पुढचा माझा तर्क. पाचव्याच्या सुरुवातीला लहानगा हेन्री पाण्याखाली जाऊन डचमनवर वडिलांना भेटतो, तेव्हा विलच्या चेहऱ्यावर शंख चढायला लागलेले असतात. का? काम नीट करणाऱ्याचा चेहरा बिघडत नाही, नियम तसा आहे. म्हणजे विलने कुठेतरी कामात कसूर केली. विलसारखा माणूस कामचुकार नाही. मग त्याने काय केलं असेल?

मला वाटतं त्याने एका प्रवाशाला जहाजावर घ्यायला नकार दिला. तो प्रवासी म्हणजे डेव्ही जोन्स. जोन्स मेला तोही समुद्रातच, भोवऱ्यात पडून. नियमाने त्यालाही पैलतीरी न्यायला हवं होतं, आणि नेणारा कोण, तर ज्याच्या छातीत जोन्सनेच तलवार खुपसली तो विल. त्याने म्हटलं असेल, सगळ्यांना नेईन, ह्याला नाही. त्या एका नकारापायी चेहरा बिघडू लागला. आणि आता विल निघून आल्यावर जोन्स तसाच मधे अडकून आहे. तो खोलीत येतो तो गळा कापायला नव्हे, आपला राहिलेला प्रवास मागायला.

तुम्हाला काय वाटतं?

ऐरोलीची_वाचक (नवी मुंबई)

वाचून अंगावर काटा आला. जोन्स न्याय मागायला येतोय ही कल्पनाच वेगळी आहे. पाचव्यात एलिझाबेथला एकही संवाद दिला नाही हे मला आजही सलतं. जी बाई समुद्री लुटारूंची राजा म्हणून निवडून आली, तिने युद्ध पुकारलं, तिला नुसतं कड्यावर धावायला लावलं. तुमच्या तर्काप्रमाणे कथा गेली तर तिला बोलायला भरपूर जागा आहे. नवऱ्याने काय केलं हे तिला माहीत होतं का, इथपासून.

सानपाडा_सेक्टर५ (नवी मुंबई)

छान लिहिलंय, पण एक मोठी अडचण आहे. त्रिशूळ मोडला तेव्हा सगळे शाप सुटले. भूत झालेल्या कप्तान सालाझारची माणसं परत हाडामांसाची झाली हे आपण डोळ्यांनी पाहिलं. मग जोन्सची नांगीही शापाचीच. तो परत आला असेल तर माणूस म्हणून यायला हवा. सावलीत नांगी का?

घोडबंदरकर

बरोबर जागी बोट ठेवलंत. माझं उत्तर असं. डचमनचं काम हा शाप नव्हता. ती कॅलिप्सोने सोपवलेली जबाबदारी होती, शाप लागला तो ती टाळल्यामुळे. त्रिशूळ मोडला तेव्हा विलला जहाजाशी बांधून ठेवणारं जे होतं ते सुटलं. पण माणसं समुद्रात मरायची थांबली का? काम तसंच राहिलं, आणि आता ते कोणीच करत नाही, म्हणजे टाळाटाळ पुन्हा सुरू. जुना शाप सुटला त्याच क्षणी नवा लागायला सुरुवात झाली. नांगी नवीन आहे.

सानपाडा_सेक्टर५

हं. मग ती नांगी जोन्सचीच कशावरून? टाळाटाळ आता जोन्स करत नाहीये, विल करतोय.

घोडबंदरकर

हा विचार मीही करतोय. सावली स्वप्नातली आहे, शंख जागेपणीचे. दोन्ही एकाच माणसाचे असायला हवेत असं नाही.

दिवाळे_खाडी (बेलापूर)

ह्या शंखांबद्दल मला बोलायचंय, कारण आमच्या घरात ते रोजचे आहेत. आमची होडी आहे, वडील आणि काका अजून खाडीत जातात.

हे शंख दिसायला दगडासारखे, पण जिवंत असतात. खेकडा-कोळंबीच्याच जातकुळीतला जीव आहे तो. लहान असताना पाण्यात तरंगत येतो, एकदा लाकडाला डोकं चिकटवलं की जन्मभर तिथेच. वरची झाकणं मिटून घेतो म्हणून सुकतीला होडी चिखलात उघडी पडली तरी मरत नाही, भरती आली की परत झाकणं उघडून पाय बाहेर काढतो आणि खातो. मेला तरी पांढरं कडं लाकडावर राहतं, आणि ते इतकं धारदार असतं की अनवाणी पाय लागला तर सरळ रक्त. काका होडी कलती करून, आडवं झोपून लोखंडी पट्टीने खरवडतात, तेव्हा एक विशिष्ट खरखर येते आणि कुबट खारट वास सुटतो. संध्याकाळपर्यंत हाताला तो वास राहतो.

आता मुद्दा. जी होडी रोज समुद्रात जाते तिला हे कमी धरतात. जी उभी राहते तिला भरभरून धरतात. पावसाळ्याच्या बंदीत पाण्यात राहिलेली होडी काढली की बूड दिसतही नाही. आमच्याकडे लहान मूलही सांगेल की होडीला शंख चढले म्हणजे ती कामावर गेलेली नाही.

म्हणून घोडबंदरकर दादा, तुमचा कसुरीचा तर्क मला पटला, पण मी एक पाऊल पुढे जाईन. पलंगाशेजारचे शंख ओले आहेत, खाली पाणी आहे. ते वाळलेले असते तर म्हटलं असतं की विलच्या जुन्या कपड्यांतून पडले. ओले म्हणजे आत्ताच आलेले. आणि कोणाला चढतात, तर जो उभा राहिलाय त्याला. ते विलच्या अंगावरून पडलेत. तो दुसऱ्या कोणाच्या स्वप्नाने जागा झाला नाही, त्याचं स्वतःचं अंग बदलायला लागलंय आणि त्याला अजून कळलेलं नाही.

ऐरोलीची_वाचक

बाप रे. म्हणजे सहाव्यातली नांगी विलची?

दिवाळे_खाडी

हो ताई. जोन्स हा त्याला दिसणारा स्वतःचा उद्या आहे.

घोडबंदरकर

दिवाळे, हे माझ्या मूळ तर्कापेक्षा सरस आहे. आणि तरी दोन्ही एकत्र बसतात. विलने जोन्सला नेलं नाही म्हणून पहिले शंख, काम सोडून घरी आला म्हणून आताचे.

कोपरी_पूर्व (ठाणे)

सगळे विल-विल करताहेत, बूटस्ट्रॅप बिलला कोणीच विचारत नाही. विलचा बाप. तिसऱ्याच्या शेवटी तो डचमनवरच होता, मुलाच्या हाताखाली. पाचव्यात तो कुठेच नाही. जहाज आहे, मुलगा आहे, नातू सुद्धा जहाजावर येऊन गेला, आजोबा गायब. त्रिशूळ मोडल्यावर तोही सुटला का? मग घरी का नाही आला? माझा अंदाज, तो जहाजावर थांबला. कोणीतरी थांबायलाच हवं हे त्याला कळलं. पण त्याचं काळीज पेटीत नाही, म्हणून तो कप्तान होऊ शकत नाही. जहाज चालत नाही, नुसतं तरंगतं. त्याच्या हातात सुकाणू आहे आणि सत्ता नाही.

सानपाडा_सेक्टर५

हे पटलं. आणि विलच्या काळजाच्या पेटीचं काय? ती एलिझाबेथकडे ठेवायला दिली होती. पाचव्यात त्याबद्दल अक्षर नाही.

खारघर_टेकडी (नवी मुंबई)

मला कप्तान जॅक स्पॅरोच्या जादूच्या कंपासावर बोलायचंय, मग तुमचं चालू द्या.

दुसऱ्या भागात टिया डाल्मा (कॅलिप्सोचंच माणसातलं रूप) सरळ म्हणते की कंपास जॅकने तिच्याकडून सौदा करून घेतला. पाचव्यात दाखवलंय की तरुण जॅकला तो मरणाऱ्या कप्तानाने दिला. आणि सांगतात की कंपासाशी बेइमानी केली तर तो तुमची सगळ्यात मोठी भीती मोकळी करतो. जॅक एका बाटलीसाठी कंपास विकतो आणि सालाझार सुटतो. पण ह्याआधी तो कंपास एलिझाबेथच्या हातात होता, ईस्ट इंडिया कंपनीच्या बेकेटकडे होता, तेव्हा काही झालं नाही. बरेच जण ही लेखकांची चूक म्हणून सोडून देतात.

मी सोडत नाही. उसना देणं, हिसकावला जाणं ही बेइमानी नव्हे. स्वतःहून, दारूपायी देणं ही बेइमानी. तिथे नियम मोडत नाही. टिया डाल्माचं वाक्य राहतं. त्याचा अर्थ मी असा लावतो की जॅकने एकदा तो कंपास तिच्याकडे गहाण टाकला होता आणि मग सौदा करून सोडवला. गहाण टाकला तेव्हाही काहीतरी मोकळं झालं असणार. त्या वेळी जॅकला सगळ्यात जास्त भीती कोणाची होती? हे आपल्याला कधीच सांगितलेलं नाही. सहाव्या भागाला लागणारा नवा माणूस तिथे आहे, आयता.

नौपाडा_जुना (ठाणे)

आणि चौथ्यातली अँजेलिका? बेटावर सोडलेली, शेवटी तिच्या हाती जॅकची जादूची बाहुली लागते. तो धागा तसाच लटकतोय. पहिल्या भागातली अ‍ॅनामारियाही तशीच. जॅकने तिची होडी चोरली होती, बदल्यात जहाज देणार होता, पुढच्या भागात ती नाहीच.

खारघर_टेकडी

अँजेलिकाचं सोपं आहे, बाहुली समुद्राचा शाप नाही, त्रिशुळाने तिचं काही बिघडलं नसणार. जॅकला ओढून आणायला ती पुरेशी. अ‍ॅनामारियाचं मात्र वाईट वाटतं.

मिनी_सीशोर (वाशी)

जॅक असणार की नाही हेच ठरत नाही, तुम्ही कंपासापर्यंत पोचलात. २०२० मध्ये मार्गो रॉबीला घेऊन वेगळी गोष्ट करायची बातमी आली, २०२२ मध्ये तिनेच सांगितलं की ते बारगळलं. मला स्वतःला जॅक मधोमध नसलेला भाग चालेल. पहिल्या भागातही (२००३) गोष्ट विल आणि एलिझाबेथची होती, जॅक बाजूने येऊन सगळं उलटंपालटं करून जायचा. तीच त्याची खरी जागा. चौथ्यात त्याला मधे बसवलं आणि बाजूने यायला कोणी उरलंच नाही.

माझा प्रश्न कॅलिप्सोचा. तिसऱ्यात तिला मोकळी केली, ती खेकड्यांच्या ढिगात विरून समुद्रात गेली, भोवरा उठवला, आणि त्यानंतर दोन भागांत तिचं नावही नाही. ज्या बाईने जहाज दिलं, काम दिलं, तिला विचारल्याशिवाय नवा कप्तान कसा ठरेल? आणि जोन्सने तिला बांधायची युक्ती लुटारूंच्या पहिल्या सभेला सांगितली होती हे तिला कळलंय. जोन्सला पैलतीरी न नेण्यात विलबरोबर तिचाही हात असेल तर?

घोडबंदरकर

मिनी सीशोर, हे मी लिहून ठेवलं. विलने नाही म्हटलं आणि तिने आडकाठी केली नाही.

इतिहासवेडा_कळवा (ठाणे)

धागा उशिरा पाहिला. ह्या सगळ्यात आपल्या माणसाचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

तिसऱ्या भागात लुटारूंच्या नऊ सरदारांची सभा भरते. त्यात हिंदी महासागराचा सरदार म्हणून पागोटंधारी जाडजूड गृहस्थ बसलेत, इराणी वंशाच्या मार्शल मनेश ह्या अभिनेत्याने ते काम केलंय. पात्राचं नाव 'श्री संभाजी'. सोबतचे चाकर त्याच्या वतीने बोलतात, आणि शेवटी तो तोंड उघडतो तेव्हा बारीक चिरका आवाज निघतो, एवढाच विनोद. हे नाव कुठून आलं हे रायगड-ठाण्यातल्या माणसाला सांगायला नको. कान्होजी आंग्र्यांचा मुलगा संभाजी आंग्रे.

आता त्या माणसाची खरी हकीकत बघा. कान्होजी सरखेल गेले १७२९ मध्ये. आठ वर्षं आधी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले होते, हात हलवत परत गेले. कान्होजींच्या मागे सेखोजी, तो १७३३ मध्ये गेला आणि भावांत तंटा लागला. संभाजी विजयदुर्गावर, मानाजी कुलाब्यावर. त्याच संभाजीने १७३५ च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' नावाचं सोन्याने लादलेलं जहाज पकडलं. मुंबईचे इंग्रज त्याच्या नावाने घाबरत. आंग्र्यांचा दस्तक घेतल्याशिवाय किनाऱ्यावरून व्यापारी जहाज जाऊ शकत नसे, आणि दस्तक म्हणजे रीतसर परवाना, पैसे भरून घ्यायचा. ज्याच्याकडे नसेल त्याचं जहाज जप्त. हे राज्याचं आरमार होतं. त्याला कर वसूल करायचा हक्क होता, कंपनीला तो हक्क मान्य नव्हता, भांडण एवढंच.

आणि लढायची पद्धत. गुराब ही उथळ बुडाची, दोन-तीन डोलकाठ्यांची. इंग्रजांचं मोठं जहाज जिथे रुतेल तिथे ती सहज शिरायची. गलबतं वल्ह्यांनी चालायची. वारा पडला की शिडाचं जहाज जागेवर खिळतं, तेव्हा गलबतं गुराबांना दोरीने ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला आणत आणि गुराब नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, तोफांनी मारा करी. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, मागे मारा करायला जवळपास काही नसायचं. ही लढाई पडद्यावर कशी दिसेल विचार करा. सगळे भाग पाहिलेत मी, अशी लढाई एकातही नाही.

आता काळ जुळतो का ते बघू. चौथ्या भागात इंग्लंडचा राजा म्हणून दुसरा जॉर्ज दिसतो, त्याची कारकीर्द १७२७ ते १७६०. तिसरा आणि पाचवा ह्यांत साधारण वीस-बावीस वर्षांचं अंतर, कारण हेन्री तिसऱ्यानंतर जन्मला आणि पाचव्यात विशी-एकविशीचा आहे. तिसरा भाग १७३३-३५ च्या आसपास धरला, म्हणजे संभाजी आंग्रे ऐन भरात असतानाचा, तर पाचवा १७५५ च्या सुमारास येतो. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत काय झालं?

विजयदुर्ग. अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून, पेशव्यांची फौज जमिनीवरून. संभाजीच्या जागी तेव्हा भाऊ तुळाजी होता. बंदरात आंग्र्यांचं आरमार दाटीने बांधून ठेवलेलं. एका जहाजावर तोफेचा गोळा पडला, आग लागली, आणि एकाला लागून एक असं सगळं आरमार जळालं. दोन पिढ्यांत उभं केलेलं आरमार संपलं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच मेला. आपल्याच लोकांनी परक्याच्या मदतीने आपलं आरमार बुडवलं, हे वाचताना आजही पोटात तुटतं.

घोडबंदरकर, तुमच्या प्रश्नाला हे जोडा. डचमनला कप्तान नाही त्याच वर्षी विजयदुर्गाच्या बंदरात खलाशी मरून पडलेत. त्यांना कोण नेणार? सहाव्या भागाची सुरुवात ह्या बंदरात व्हायला हवी. जळकी लाकडं तरंगताहेत, आणि माणसं होड्यांत बसून वाट बघताहेत, हातात कंदील. आणि हिंदी महासागराच्या सरदाराला ह्या वेळी बोलू द्या, स्वतःच्या आवाजात.

नौपाडा_जुना

इतिहासवेडे काका, पोस्ट दोनदा वाचली. पण त्या नऊ सरदारांच्या नऊ निशाण्या तिसऱ्यातच जाळल्या ना, कॅलिप्सोला सोडवायला? मग आता सरदारकीला अर्थ काय?

इतिहासवेडा_कळवा

निशाण्या जळल्या, जागा नाही. चीनच्या समुद्राच्या सरदाराने, साओ फेंगने, मरताना आपली जागा एलिझाबेथला दिली, म्हणजे मरताना वारसाला जागा देता येते. संभाजीकडून ती तुळाजीकडे आली असं धरायला कुठलीच अडचण नाही. उलट निशाणी नसलेला सरदार जास्त रंगेल.

ऐरोलीची_वाचक

हॉलिवूडवाले विजयदुर्ग दाखवतील असं खरंच वाटतं का?

इतिहासवेडा_कळवा

सिंगापूर दाखवलं, चीनच्या समुद्राचा सरदार दाखवला. नाव त्यांनी आपल्याच किनाऱ्यावरून उचललंय. मग किनाराही दाखवावा, हे मागणं जास्त नाही.

दिवाळे_खाडी

काका, तुमच्या पोस्टनंतर आमच्याकडे रात्री जेवताना हाच विषय. वडील म्हणाले, आमच्याकडे समुद्रात गेलेला माणूस सापडला नाही की घरची माणसं किती दिवस किनाऱ्यावर जात राहतात, आणि बाई कपाळाचं कुंकू लगेच पुसत नाही. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहताना त्यांचीही आठवण काढतात. ज्यांना कोणी पोचवलं नाही त्यांची ही गोष्ट आहे म्हटल्यावर वडिलांनी चित्रपट कुठला ते विचारलं. आजवर त्यांनी एकही भाग पाहिलेला नाही.

घोडबंदरकर

दिवाळे, वडिलांना थेट तिसरा दाखवा, होड्यांचं दृश्य येईपर्यंत.

सगळ्यांचं वाचून आता कप्तान कोण ह्यावर येऊ. माझ्यापुढे चार नावं आहेत. विल स्वतः परत जाईल, हे सगळ्यात सरळ आणि म्हणून सगळ्यात कमी रंगतदार. बूटस्ट्रॅप बिल, कोपरींनी सांगितल्याप्रमाणे जागेवर आहे, पण कथा म्हाताऱ्या बापाच्या त्यागावर संपवली तर ती पुन्हा मुलाला मोकळं करण्याची गोष्ट होते, पाचव्यात तेच झालं. हेन्रीने त्रिशूळ मोडला, म्हणजे घोळ त्याने घातला, त्याने निस्तरावा हे न्याय्य आहे. चौथं नाव कप्तान बार्बोसा. तोही समुद्रातच मेला, मुलीला वाचवायला नांगराची साखळी सोडून.

मिनी_सीशोर

बार्बोसा नको. तो एकदा मेलेला परत आणला, दुसऱ्या भागाच्या शेवटी, टिया डाल्माने. पुन्हा आणला तर त्याच्या मरणाची किंमत राहत नाही. पाचव्यातलं ते मरण ह्या सगळ्या मालिकेत प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. त्याची मुलगी कॅरिना विचारते, मी तुमची कोण, आणि तो म्हणतो, खजिना. हात लावू नये त्याला.

घोडबंदरकर

परत आणायचा नाही. तो होडीत बसलेला दिसायला हवा. तुम्ही कॅरिनाचं नाव काढलंत तेव्हा मला दिसलं. एलिझाबेथने आपले वडील त्या होडीत पाहिले. कॅरिनाही आपले पाहील. एलिझाबेथला वडील जन्मभर मिळाले होते, हिला ते सापडले त्याच घटकेला गेले. आणि त्यांना पोचवायला कोणी नाही, कारण तिच्याच नवऱ्याने, किंवा होणाऱ्या नवऱ्याने म्हणा, स्वतःच्या बापाला सोडवताना ते जहाज रिकामं केलं.

सानपाडा_सेक्टर५

म्हणजे हेन्रीच्या बापाची सुटका झाली म्हणून कॅरिनाचा बाप अडकला. हे फार जबरदस्त आहे. ह्यावर घर मोडू शकतं.

दिवाळे_खाडी

आणि तारे कोणाला कळतात? कॅरिनाला. पाचव्यात सगळ्यांना त्रिशुळापर्यंत तिनेच नेलं, ताऱ्यांवरून. डचमनला पुढचा कप्तान हवा असेल तर वाट माहीत असलेला हवा. आमच्याकडे तांडेल होतो तो ज्याला पाण्याची खोली आणि रात्रीची दिशा कळते तो, ज्याच्या बापाची होडी तो नाही.

ऐरोलीची_वाचक

कॅरिना कप्तान! कॅलिप्सोपुढे उभी राहणारी दुसरी बाई. आणि एलिझाबेथ तिची सासू, जिने दहा वर्षं वाट पाहिलीय. त्या दोघींचं एक दृश्य लिहा कोणीतरी. एलिझाबेथ तिला थांबवेल की पाठवेल?

कोपरी_पूर्व

पाठवेल. आणि पेटी हेन्रीच्या हातात देईल.

सानपाडा_सेक्टर५

पण काळीज काढून ठेवायची अट कॅरिनाला लावणार का? कॅलिप्सोने जोन्सला काळीज काढ म्हटलं नव्हतं, ते त्याने दुःखापायी केलं. विलचं काढलं तेही तो मरत होता म्हणून. काम स्वीकारायला काळीज काढावं लागतं असं कॅलिप्सोने स्वतः कुठेच म्हटलेलं नाही, डचमनच्या खलाशांनी तशी रीत पाडली. कॅरिना धडधडत्या काळजाने सुकाणू धरेल तर ती पहिली.

मिनी_सीशोर

सानपाडा, हे कॅलिप्सोच्या तोंडी घाला. आणि पहिला फेरा जोन्सचा. विलने ज्याला नाकारलं त्याला कॅरिनाने सगळ्यांत आधी जहाजावर घ्यावं, बार्बोसाच्याही आधी.

घोडबंदरकर

बार्बोसाच्या आधी हे मला पटत नाही, मुलगी आहे ती. पण विजयदुर्गाच्या खलाशांच्या आधी कोणीच नाही, एवढं मी इतिहासवेडे काकांच्या बाजूने धरून ठेवतो.

इतिहासवेडा_कळवा

त्यावर माझी सही. रविवारी तिसरा पुन्हा बघणार आहे, सभेचं दृश्य थांबवून थांबवून. संभाजींच्या मागे उभे असलेल्यांच्या अंगावर काय कपडे आहेत, कमरेला कुठलं हत्यार आहे ते इथेच लिहितो. त्यावरून ते कोकणातले दाखवायचे होते की नुसते कुठलेतरी, हे कळेल.